बधिर चट्टा, दुखरी नस

उज्जैनला रामघाटावर पहाटे क्षिप्रेत स्नान करून पायऱ्या चढू लागले की दोन्ही बाजूंना पसरलेले हात दिसतात. काही हातांची बोटे तळव्याकडे वळलेली असतात, काहींची झिजून आखूड झालेली. यात्रेकरू नाणे देतो, पण वरून टाकतो. हाताला हात लागू देत नाही. लहानपणी आजीचे बोट धरून मी याच पायऱ्या उतरलो आहे. ‘महारोग’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिथेच, तिच्या दबक्या आवाजात.

पुढे वैद्यक शिकलो, त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षे काढली, आणि आपण सगळे चुकीच्या माणसाला भीत होतो हे लक्षात आले. घाटावर दिसणाऱ्या अशा बहुतेक हातांच्या धन्याचा रोग औषधाने केव्हाच बरा झालेला असतो. मागे राहिलेली असते ती नसांची हानी. जिवंत जंतू घेऊन वावरणारा माणूस मात्र आपल्याला ओळखूच येत नाही. तो फ्रीगंजमधल्या दुकानात कापड मोजत असतो, सोयाबीनच्या शेतात खुरपत असतो, शाळेत तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. पाठीवर एक फिकट चट्टा असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कोणाला दाखवावासा वाटत नाही. किंवा चट्टाही नसतो. चेहरा तेल लावल्यासारखा तुकतुकीत दिसतो, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होऊ लागतात, आणि शेजारी म्हणतात, तब्येत सुधारली हो तुमची.

घाटावरचा माणूस आणि दुकानातला माणूस यांच्यात काही वर्षांचे अंतर असते, आणि पुष्कळदा ती दोन माणसे एकच असतात. चट्टा उमटला त्या दिवसापासून बोट वाकले त्या दिवसापर्यंत शरीरात काय घडते, ते कुठे कुठे अडवता येते, आणि अडवणाऱ्याने काय पाहायचे, काय चाचपायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. कुष्ठरोगाची ओळख आणि त्याच्या दाहक गुंतागुंती, म्हणजे दवाखान्यात सगळे ज्यांना ‘रिॲक्शन’ म्हणतात त्या, या दोन गोष्टी इथे एकत्र मांडल्या आहेत, आणि त्या एकत्रच मांडायला हव्यात. कुष्ठरोगाचे निदान एकदा करून संपत नाही. पहिल्या दिवशी रोगाचे निदान होते. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत नसांचे निदान नव्याने करावे लागते. ही गोष्ट विसरली गेली म्हणून जगभर लाखो हात वाकडे झाले, आणि आजही होत आहेत.

या रोगाची ओळख पटवण्याचा प्रयत्न आपल्या भूमीत फार जुना आहे. संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दाखाली चरक आणि सुश्रुत यांनी सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली. आज आपण ज्यांना निरनिराळे त्वचाविकार म्हणतो असे अनेक रोग त्या एकाच छत्राखाली येत. तरीही त्या वर्णनांत त्वचेची बधिरता आहे, बोटे गळणे आहे, नाक बसणे आहे. आणि सुश्रुतसंहितेत तुवरकाचे, म्हणजे कडूकवठाच्या जातीच्या झाडाच्या तेलाचे, औषधही आहे. माळव्यापासून फार लांब नाही अशा, उदयपूरजवळच्या बालाथल इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले होते. तिथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हा रोग आपला फार जुना सोबती आहे.

आधुनिक अभ्यासाच्या आरंभीच मुंबई येते, हे मराठी वाचकाला सहसा माहीत नसते. ज्यांनी कालिदासावर निबंध लिहिला आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचले, त्याच डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी आपल्या उत्तरायुष्यात कडूकवठाच्या तेलाचे प्रयोग कुष्ठरुग्णांवर केले. १८७४ साली ते गेले. त्याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, म्हणजे ‘ग्रेज् ॲनाटॉमी’ या शरीररचनाशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे, मुंबई इलाख्यातल्या रुग्णांच्या त्वचेची आणि नसांची बारकाईने नोंद करत होते. नॉर्वेत या रोगावर सर्वांत पद्धतशीर काम चालले होते, म्हणून ते तिकडे जाऊन तेही पाहून आले. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेऱ्हार्ड आर्मोअर हॅन्सन यांना १८७३ साली रुग्णाच्या गाठीतल्या पेशींत काडीसारखे जंतू दिसले. क्षयाचा जंतू सापडायला त्यानंतर नऊ वर्षे लागली. पण क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला. कुष्ठाचा जंतू कृत्रिम माध्यमात आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याला थंडावा मानवतो, म्हणून तो त्वचेत, नाकात, कानाच्या पाळीत आणि कातडीलगतच्या नसांत वस्ती करतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. एवढ्या संथ शत्रूला ओळखणे अवघड असते, कारण त्याच्या येण्याचा दिवस कोणाच्याच लक्षात राहत नाही.

या रोगाकडे पाहण्याच्या चार परंपरा ढोबळ मानाने सांगता येतील. त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत. प्रत्येकीने मागचीची उणीव भरून काढली.

पहिली परंपरा डोळ्यांची आणि बोटांची. नॉर्वेच्या डॅनियलसन आणि बोक यांनी १८४७ साली रोगाची दोन रूपे वेगळी केली, एक गाठींचे आणि एक बधिरतेचे. कार्टर यांचे काम याच वाटेवरचे. या परंपरेने दिलेल्या तीन खुणा आजही निदानाचा पाया आहेत: संवेदना गेलेला फिकट किंवा लालसर चट्टा, जाड झालेली नस आणि तिच्या हद्दीत गेलेली संवेदना किंवा ताकद, आणि त्वचेला छोटा छेद देऊन घेतलेल्या द्रावात दिसलेले जंतू. तिन्हींपैकी एक खूण पुरते. वाचायला हे सोपे वाटते. करताना माणूस चुकतो तो बारीकसारीक गोष्टींत. चट्टा दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात पाहावा लागतो. संपूर्ण अंग पाहावे लागते. त्यासाठी आडोसा हवा, आणि बाईला तपासायला बाई हवी. संवेदना तपासताना ‘कळतं का?’ असे दर वेळी विचारले तर रुग्ण दर वेळी ‘हो’ म्हणतो. म्हणून आधी डोळे उघडे ठेवून त्याला कृती समजावायची, मग डोळे मिटायला सांगायचे, आणि जिथे स्पर्श झाला तिथे स्वतःच बोट ठेवायला लावायचे. पेनाच्या टोकाचा हलका दाब पुरतो.

दुसरी परंपरा प्रतिकारशक्तीची. एकाच जंतूने एकाच्या अंगावर एकच चट्टा का, आणि दुसऱ्याच्या अंगभर गाठी का, हा तिचा प्रश्न. जपानचे मित्सुदा यांनी १९१९ साली लेप्रोमिन चाचणीचा उपयोग दाखवला आणि उत्तराची दिशा मिळाली: फरक जंतूत नाही, माणसात आहे. ज्याची पेशींची प्रतिकारशक्ती बळकट, त्याच्यात जंतू जवळजवळ सापडत नाहीत, पण चट्टा ठसठशीत आणि बधिर असतो. हे ट्युबरक्युलॉइड टोक. ज्याची ती शक्ती या जंतूपुरती मुकी, त्याच्या त्वचेत जंतूंचे थवे असतात. हे लेप्रोमॅटस टोक. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली या दोन टोकांमधला सगळा प्रदेश पाच पायऱ्यांत मांडला. मधल्या, म्हणजे बॉर्डरलाइन, पायऱ्यांवरचा रुग्ण स्थिर नसतो. तो इकडे किंवा तिकडे सरकत राहतो. भारतीय तज्ज्ञांनी या वर्गीकरणात एका गटाचा आग्रह धरला: चट्टा कुठेच नाही, फक्त नस जाड आणि हात किंवा पाय बधिर. आपल्या देशात असे रुग्ण पुष्कळ दिसतात, आणि केवळ त्वचा पाहणाऱ्याच्या हातून ते निसटतात.

इथेच नवख्या वाचकाने एक धोका ध्यानात घ्यावा. ‘बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग’ हे सूत्र आपण पोस्टरांवरून घरोघर पोचवले, आणि ते खरे आहे. पण सर्वांत जास्त जंतू बाळगणाऱ्या लेप्रोमॅटस रुग्णाच्या अंगावर आरंभी बधिर चट्टा नसतोच. त्याचे चट्टे अस्पष्ट, दोन्ही बाजूंना सारखे आणि स्पर्श कळणारे असतात. नाक चोंदते, पायांवर सूज येते, हातापायांना मुंग्या येतात. पोस्टर वाचून तो स्वतःला निर्धोक समजतो. त्याला ओळखायला कानाच्या पाळीतला द्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तंत्रज्ञ लागतो, आणि असे सरावलेले हात आता कमी होत चालले आहेत.

तिसरी परंपरा गावात जाण्याची, आणि तिची जन्मभूमी वर्धा आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. सेवाग्रामला गांधीजींनी संस्कृतपंडित परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या. त्या मातीत १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान उभे राहिले, आणि डॉक्टर वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे पाहणी, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची पद्धत घडली: रुग्णाने दवाखाना शोधायचा नाही, कार्यकर्त्याने घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा. पुढे देशाच्या कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. तोवर डॅप्सोनची गोळी हाती आली होती. तिला जंतू दाद देईनासे झाले तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. या उपचाराने सगळे चित्र पालटले. भारतात १९८३ साली दर दहा हजारांमागे सुमारे ५८ रुग्ण होते. डिसेंबर २००५मध्ये ते प्रमाण एकाच्या खाली आले.

चौथी परंपरा हाताची. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की कुष्ठरुग्णाची बोटे सडून गळत नाहीत. बधिर हाताला भाजल्याचे, कापल्याचे कळत नाही, आणि तो वापरता वापरता झिजतो. त्यांनी स्नायुबंध दुसरीकडे जोडून वाकडी बोटे सरळ केली. मुंबई-पुण्यात डॉक्टर नोशीर अंतिया यांनी तेच काम पुढे नेले आणि नसांच्या हानीचा मूलभूत अभ्यासही केला. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन यांनी त्या हातांना काम दिले. इकडे उज्जैनला हामूखेडीची कुष्ठवस्ती आहे, अंबोदियाचा अंकितग्राम सेवाधाम आश्रम आहे. या संस्थांनी समाजाने टाकलेल्यांना घर दिले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण अशा घराची गरजच पडू नये, एवढे आधी रोग ओळखला जावा, ही त्या सगळ्यांचीही इच्छा आहे.

आता दाहाकडे वळू, कारण या पुस्तकाचा जीव त्यात आहे.

जंतू स्वतः फारसा उपद्रवी नसतो. तो वर्षानुवर्षे पेशीत निवांत पडून राहतो. नस मरते ती बहुधा शरीराला त्याची अचानक जाग येते तेव्हा. बॉर्डरलाइन रुग्णात ही जाग पेशींच्या प्रतिकारशक्तीला येते. जुने, मलूल चट्टे एका आठवड्यात लाल होतात, फुगतात, चकाकतात. हातापायांवर सूज येते. कोपरामागची किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दोरीसारखी टणक आणि दुखरी होते, आणि तिच्या अखत्यारीतला हात किंवा पाऊल काही दिवसांत लुळे पडू शकते. ही पहिल्या प्रकारची रिॲक्शन. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत ती विशेष दिसते, आणि बाळंतपणानंतरही. कधी कधी नस दुखतही नाही, नुसती गप्प मरत जाते. ही मुकी हानी पकडायची तर दर भेटीत चार गोष्टी करून घ्याव्या लागतात: डोळे घट्ट मिट, करंगळी बाहेर काढ, अंगठा वर कर, पाऊल वर उचल. दोन मिनिटांचे काम, पण मागच्या महिन्याची नोंद शेजारी नसेल तर त्याला अर्थ नाही.

दुसरा प्रकार लेप्रोमॅटस टोकाकडच्या रुग्णांचा. यात मेलेल्या-जिवंत जंतूंचे अंश आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे यांचे गुंते ऊतींत साचतात आणि सगळे अंग पेटते. चेहऱ्यावर, दंडांवर, मांड्यांवर लाल, हात लावू न देणाऱ्या गाठींचे पीक येते, ओसरते, पुन्हा येते. ताप चढतो, सांधे धरतात, डोळे लाल होतात, वृषण सुजतात, नसा दुखतात. जपानचे मुराता यांनी १९१२ साली या गाठींचे वर्णन केले. याचे लांबलचक नाव एरिथिमा नोडोसम लेप्रोसम, म्हणून सगळे ईएनएल म्हणतात. लेप्रोमॅटस रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना याचा फेरा येतो, आणि तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, उपचार पूर्ण झाल्यावरही चालू राहतो. काहींच्या बाबतीत तर रोगाची पहिली खूण हीच असते. मग टायफॉइड, आमवात, औषधाची ॲलर्जी, ल्युपस अशी नावे चिकटत जातात, आणि कानाच्या पाळीकडे कोणी पाहत नाही.

माझ्याकडे आलेला एक गवंडी मी विसरू शकत नाही. वर्षभर ताप आणि सांधेदुखीसाठी तो तीन-चार ठिकाणी फिरला होता. पिशवीत रक्ताच्या तपासण्यांचा गठ्ठा होता. टायफॉइडची औषधे झाली होती, गाठिया वाताची झाली होती. प्रत्येक वेळी स्टिरॉइड मिळाले की त्याला बरे वाटे, बंद केले की पुन्हा गाठी. त्याचा सदरा काढून पाहिला तेव्हा मनगटाजवळची नस डोळ्यांनी दिसत होती. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका वळू लागली होती. ‘थापी सुटते हातातून,’ तो म्हणाला, ‘चार महिने झाले.’ त्या गठ्ठ्यात सगळ्या तपासण्या होत्या. कोपर चाचपल्याची नोंद मात्र कुठे नव्हती. पहिल्या दिवशी चूक मीही केली: चार महिने ऐकून उशीर झाला असे मनाशी म्हणालो. पण नसेची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर योग्य मात्रेतले आणि पुरेसा काळ चालणारे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड बरेच काही परत देऊ शकते. त्याची करंगळी पूर्ण सरळ झाली नाही, पण थापी पुन्हा हातात राहू लागली.

प्रेडनिसोलोन हे दोन्ही प्रकारांतले मुख्य औषध, आणि ते दुधारी आहे. पहिल्या प्रकारात ते हळूहळू उतरवत पाच-सहा महिने द्यावे लागते. घाईने थांबवले की नस पुन्हा सुजते. ईएनएलमध्ये उलट प्रश्न असतो: रुग्ण स्टिरॉइडवरच जगू लागतो आणि मधुमेह, मोतीबिंदू, ठिसूळ हाडे, दडलेला क्षय असे दुसरे रोग त्याला गाठतात. म्हणून दुसऱ्या औषधांचा शोध चालू राहिला. जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी १९६०च्या दशकात एका रुग्णाला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले आणि त्याच्या गाठी विरल्या. गर्भातल्या बाळांना अपंग करून बदनाम झालेले हे औषध ईएनएलमध्ये आजही प्रभावी आहे. मात्र गर्भवतीला ते देताच येत नाही, आणि गर्भधारणा संभवते अशा स्त्रीच्या बाबतीत कडक खबरदारी लागते. क्लोफाझिमिनचा जास्त डोस मदत करतो, पण त्वचा काळवंडते, आणि ज्या रोगाने आधीच तोंड लपवायला लावले त्यात ही गोष्ट लहान नाही. मेथोट्रेक्सेटवरही चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत. एवढ्या जुन्या रोगाच्या या दाहावर सुरक्षित आणि खात्रीचे औषध आपल्याकडे अजून नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे.

रिॲक्शनचे सामाजिक नुकसानही मोठे आहे. गोळ्या सुरू केल्यावर चट्टे लाल झाले की रुग्णाला वाटते, गोळ्याच बाधल्या. तो त्या बंद करतो. घरचे म्हणतात, रोग वाढला. शेजारी म्हणतात, आता पसरणार. यातले काहीही खरे नसते. रिॲक्शन म्हणजे रोगाचा पुनर्जन्म नव्हे, आणि तिच्यामुळे कोणालाही लागण होत नाही. एमडीटी चालू ठेवून दाहावर वेगळा उपचार करायचा असतो. हे वाक्य रुग्णाला पहिल्याच दिवशी, पहिल्या पाकिटाबरोबर सांगितले तर कित्येक हात वाचतील. प्रत्यक्षात ते सांगितले जात नाही, कारण सांगणाऱ्यालाच ते पक्के ठाऊक नसते.

आणि म्हणूनच हे पुस्तक आत्ता हवे होते. २००५ साली रुग्णांचे प्रमाण एकाच्या खाली आले ही खरी कमाई होती, पण लोकांनी तिचा अर्थ ‘रोग गेला’ असा घेतला. स्वतंत्र कुष्ठसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. त्यामागचा विचार योग्य होता: कुष्ठरुग्णालाही इतरांसारखा जवळच्या दवाखान्यात उपचार मिळावा. पण वीस-वीस वर्षे नसा चाचपलेले कर्मचारी निवृत्त झाले आणि त्यांच्या बोटांतले ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. रोग मात्र राहिला. २०२३ साली जगभरात सुमारे १ लाख ८२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतले १ लाखाहून अधिक आपल्या देशातले. २०२७पर्यंत संसर्ग शून्यावर आणण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी शोधमोहिमा निघतात, रुग्णाच्या निकटच्या माणसांना रिफाम्पिसिनचा एक डोस दिला जातो. कायद्यानेही पावले उचलली: १८९८चा लेपर्स ॲक्ट २०१६ साली रद्द झाला, आणि २०१९पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण उरले नाही. हे सगळे मोलाचे आहे. पण मोहिमेत सापडलेल्या रुग्णाचे पुढचे बारा महिने कोणी पाहायचे? रुग्ण नोंदला आणि त्याची नस गेली, तर आकडेवारीत तो बरा झालेला दिसेल आणि घाटावर त्याचा हात दिसेल.

पुस्तकाचे लेखक या बारा महिन्यांचे सोबती व्हायला निघाले आहेत. त्यांनी रोगाचा ज्ञानकोश लिहिलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, परिचारिका, कुष्ठरोग तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि आशा कार्यकर्ती यांच्या नजरेसमोर रुग्ण बसलेला आहे असे धरून त्यांनी विषय मांडला आहे. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना, त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीला, जंतूंच्या जनुकीय चाचणीला आणि नसांच्या सोनोग्राफीला त्यांनी योग्य जागा दिली आहे. पण यांपैकी कशालाही त्यांनी बोटांचे काम सोपवलेले नाही. मतभेदाच्या जागा, विशेषतः स्टिरॉइड किती काळ द्यावे याच्या, त्यांनी झाकलेल्या नाहीत. रुग्णाच्या शब्दांकडे त्यांचे लक्ष आहे, हे मला सर्वांत भावले. ‘पायातली चप्पल कधी निसटली कळलंच नाही’ हे वाक्य नोंदवहीत जसेच्या तसे उतरले पाहिजे, असे मानणारे लेखन मला जवळचे वाटते.

ते मराठीत आहे याचेही मोल आहे. राणोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात मराठी घरे आहेत, आणि बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाटच्या खेड्यांत आजही मराठी बोलली जाते. अमरावती, नागपूर, गोंदिया इथून मजुरीसाठी इकडे येणारा रुग्ण राज्याची हद्द ओलांडतो तेव्हा त्याची गोळ्यांची पाकिटे मागे राहतात, पण त्याची भाषा बरोबर येते. इथल्या दवाखान्यात मी कितीदा अनुभवले आहे की ‘नस’, ‘बधिर’, ‘मुंग्या’, ‘लुळं’ हे शब्द डॉक्टरच्या तोंडून घरच्या बोलीत आले की माणूस सदरा काढायला तयार होतो. लपवलेला चट्टा दाखवायला विश्वास लागतो, आणि विश्वासाची सुरुवात भाषेपासून होते.

वाचकाला एकच विनंती. पहिले पान उलटण्याआधी स्वतःचा कोपर किंचित वाकवा आणि आतल्या बाजूच्या हाडामागच्या खाचेत दुसऱ्या हाताची बोटे ठेवा. तिथे सुतळीएवढी, मऊ, सरकणारी नस लागेल. मग दुसरा कोपर. मग घरातल्या आणखी कोणाचा. निरोगी नस कशी लागते हे बोटांना एकदा ठाऊक झाले, की जाड झालेली, दुखरी नस त्यांना आपोआप वेगळी वाटेल. मग हे पुस्तक वाचा, आणि उद्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक कुष्ठरुग्णाचा हात, तो जुना असो वा नवा, आपल्या हातात घ्या.